शिवीचा पुरावा आणि मैदानावरचा न्याय

परभणी जिल्ह्यातील गोदाकाठचे गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. पंढरपुरात नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या या दासीवर विठ्ठलाचे पदक चोरल्याचा आळ आला, ही कथा वारकरी संप्रदायात घरोघरी सांगितली जाते. पदक तिच्या घरी सापडले, तिला सुळावर देण्याचे ठरले आणि सुळाचे पाणी झाले म्हणून ती वाचली. भाविकाला या कथेत देवाची कृपा दिसते. न्यायाच्या दृष्टीने पाहणाऱ्याला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्यांनी आळ घेतला त्यांनीच निवाडा केला. आणि जिच्यावर आळ आला ती समाजाच्या सर्वांत खालच्या पायरीवर उभी होती. चमत्कार घडला नसता तर निर्दोष जीवाचा बळी गेला असता. चमत्कारावर विसंबून राहता येत नाही, म्हणूनच माणसांनी पुराव्याचे नियम केले.

चोरीच्या आळात निदान पदकासारखी वस्तू तरी असते. शिवीच्या आरोपात तेवढेही नसते. शब्द उच्चारला जातो, ज्याला लागायचा त्याला लागतो आणि हवेत विरून जातो. मागे उरतात ते दोन माणसांचे परस्परविरुद्ध जबाब आणि त्यांच्या पाठीशी उभे असलेले दोन संघ. अशा वेळी खरे काय ते कोणी ठरवायचे, कशाच्या आधारे ठरवायचे आणि किती खात्री पटल्यावर शिक्षा द्यायची, हा प्रश्न वरकरणी क्रीडा संघटनांच्या कार्यालयापुरता वाटतो. वस्तुतः तो सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे.

कबड्डी हा मराठवाड्याच्या मातीतला खेळ. परभणी, जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, पूर्णा, कुठल्याही तालुक्यात जावे, शाळेच्या आवारात वा जत्रेच्या माळावर आखलेले मैदान दिसतेच. या खेळाचे वैशिष्ट्य असे की त्यात पंचाच्या डोळ्यांइतकेच त्याच्या कानांनाही काम असते. चढाई करणाऱ्याचा दम स्पष्ट आणि अखंड ऐकू आला पाहिजे, हा नियमच आहे. पण तोच पंच झटापटीत, धुळीत, प्रेक्षकांच्या आरोळ्यांत, पकड करणाऱ्याने चढाईपटूच्या कानाशी पुटपुटलेली जातीवरची शिवी ऐकू शकेलच असे नाही. ती एकालाच ऐकू येते. ज्याला उद्देशून ती दिलेली असते त्याला. तो तक्रार करतो. समोरचा म्हणतो, मी असे बोललोच नाही. मग सामन्याची व्यवस्थापन समिती बसते, आणि खरी कसोटी तिथून सुरू होते.

या कसोटीवर काय पणाला लागलेले असते, याची कल्पना शहरी क्रीडारसिकाला सहसा नसते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोरडवाहू शेतीवर गुजराण करणाऱ्या घरातील मुलाच्या दृष्टीने राज्य स्पर्धेचे प्रमाणपत्र हा भिंतीवर लावण्याचा कागद नसतो. भरतीच्या दारात उभे राहण्याचे ते साधन असते. दोन वर्षांची बंदी म्हणजे कित्येकदा वयोमर्यादाच उलटून जाणे. आरोप खोटा असेल तर एका निरपराध तरुणाचे आयुष्य मार्गावरून ढळते. पण आरोप खरा असून तो 'पुराव्याअभावी' झटकला गेला, तर दुसऱ्या तरुणाला कळून चुकते की मैदानावरही गावकुसाची वेस आहे. तो निमूटपणे खेळ सोडतो, आणि त्याचे नाव कुठल्याही निकालपत्रात येत नाही. एका शब्दावरून काय पेटू शकते हे मराठवाड्याने १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत भोगले आहे. तेव्हा 'खेळात असे चालायचेच' हे उत्तर या भूमीत तरी कुणी देऊ नये.

सिडनीचा धडा

या प्रश्नाची जगासमोर झालेली सर्वांत गाजलेली उलटतपासणी क्रिकेटच्या मैदानावरची आहे, आणि तिच्यातील महत्त्वाचा साक्षीदार मराठी होता. जानेवारी २००८ मध्ये सिडनी येथे भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात कसोटी सामना चालू होता. ४ जानेवारीला, तिसऱ्या दिवशी, सचिन तेंडुलकर आणि हरभजनसिंग यांची भागीदारी रंगात आली असता हरभजनने गोलंदाज ब्रेट ली याला बॅटने थोपटले. त्यावरून अँड्र्यू सायमंड्स मध्ये पडला आणि शब्दाला शब्द वाढला. हरभजनने आपल्याला 'मंकी', म्हणजे माकड म्हटले, अशी सायमंड्सची तक्रार होती. कॅरिबियन वारसा असलेल्या या खेळाडूच्या दृष्टीने तो शब्द हलका नव्हता. अवघ्या तीन महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर २००७ मध्ये, आधी वडोदऱ्यात आणि मग मुंबईच्या वानखेडे मैदानावर प्रेक्षकांतील काही जणांनी माकडाचे हावभाव करून त्याला डिवचले होते. सिडनीच्या प्रकरणात आपल्या खेळाडूची बाजू घेताना वानखेडेचा हा कलंक मराठी माणसाने विसरता कामा नये.

सामना संपल्यावर सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी सुनावणी घेतली. मैदानावरील पंचांपैकी कोणीही तो शब्द ऐकला नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी तो ऐकल्याचे सांगितले. हरभजनने तो नाकारला. वाजवी संशयाला जागा उरलेली नाही, असे नमूद करून प्रॉक्टर यांनी हरभजनवर तीन कसोटींची बंदी घातली. भारतात संतापाची लाट उसळली. गोऱ्यांच्या शब्दाला काळ्यासावळ्यांच्या शब्दापेक्षा अधिक वजन दिले गेले, अशी टीका सुनील गावस्कर यांनी केली. दौरा अर्धवट सोडण्याची भाषा सुरू झाली.

२९ जानेवारीला ॲडलेड येथे न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे अपील चालले. यष्टीतील ध्वनिग्राहकाने टिपलेले वादाचे तुकडे ऐकण्यात आले. त्यांत तो शब्द नव्हता. हरभजनने आईवरून दिली जाणारी हिंदीतील शिवी उच्चारली होती, असे तेंडुलकर यांनी सांगितले. त्या शिवीतील अक्षरे इंग्रजी कानाला 'मंकी'सारखी भासू शकतात, हा मुद्दा त्यामुळे पुढे आला. वंशावरून अपमान केल्याचा मोठा आरोप सिद्ध झाला नाही. अर्वाच्य भाषा वापरल्याचा तुलनेने लहान आरोप हरभजनने मान्य केला, आणि बंदी जाऊन सामन्याच्या मानधनाच्या निम्म्या रकमेचा दंड झाला. हरभजनच्या पूर्वीच्या शिस्तभंगांची पूर्ण नोंद आपल्यापुढे ठेवली गेली नव्हती, ती असती तर शिक्षा वेगळी ठरू शकली असती, असे न्यायमूर्तींनी नंतर उघड केले. तेंडुलकर यांच्या दोन सुनावण्यांतील साक्षीत फरक पडला, असा आक्षेप ॲडम गिलख्रिस्ट यांनी आपल्या आत्मचरित्रात घेतला. तेंडुलकर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आपले म्हणणे कायम ठेवले.

भारतात या निकालाचे वर्णन विजय असे झाले, ऑस्ट्रेलियात ते पैशाच्या दडपणापुढील शरणागती असे झाले. दोन्ही वर्णने मूळ प्रश्नाला बगल देणारी आहेत. घटना एकच, वादी-प्रतिवादी तेच, पण दोन निवाडे परस्परविरुद्ध. हा फरक का पडला? पहिल्या सुनावणीत भाषेचा प्रश्न मुळापर्यंत गेला नाही, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की साक्षीदारांचा ताळेबंद संघनिहाय मांडला गेला, आणि संघाच्या माणसाने संघाच्या माणसासाठी दिलेल्या साक्षीचे वजन किती धरायचे हा विचार मागे पडला. आणि सर्वांत खेदाची गोष्ट म्हणजे 'सिद्ध झाले नाही' या शब्दांचा अर्थ लोकांनी 'सायमंड्स खोटे बोलला' असा लावला. न्यायालयात या दोन गोष्टींत महदंतर असते. या प्रकरणानंतर आपली कारकीर्द उताराला लागली, असे सायमंड्स पुढे सांगत असे. १४ मे २०२२ रोजी मोटार अपघातात त्याचा अंत झाला. त्या दिवशी सिडनीत नेमके काय उच्चारले गेले हा वाद मात्र त्याच्यामागेही उरला.

खात्रीची तीन मापे

कायद्याच्या जगात खात्री मोजण्याची मापे वेगवेगळी आहेत. फौजदारी खटल्यात आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, कारण तिथे माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते. दिवाणी वादात संभाव्यतेचे पारडे ज्या बाजूला झुकेल तिच्या बाजूने निकाल होतो. क्रीडा न्यायात या दोहोंमधले तिसरे माप रूढ झाले आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या आचारसंहितेत असे म्हटले आहे की आरोपाचे गांभीर्य ध्यानात घेऊन निवाडा करणाऱ्याचे निःशंक समाधान झाले पाहिजे. क्षुल्लक आरोपाला संभाव्यतेचे पारडे पुरे, आणि अतिगंभीर आरोपाला जवळजवळ फौजदारी खटल्याइतकी खात्री हवी. २०१४ मध्ये नॉटिंगहॅम येथे रवींद्र जडेजा आणि जेम्स अँडरसन यांच्यात शिवीगाळ व धक्काबुक्की झाल्याचे प्रकरण निवृत्त न्यायाधीश गॉर्डन लुईस यांच्यापुढे आले, तेव्हा दोन्ही संघांचे साक्षीदार आपापल्या बाजूचेच बोलले, निर्णायक चित्रण नव्हते, आणि दोघेही निर्दोष ठरले.

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने मात्र दिवाणी माप स्वीकारले आहे. त्याचे परिणाम दोन प्रकरणांत दिसले. ऑक्टोबर २०११ मध्ये लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझने आपल्या वर्णावरून आपल्याला हिणवले, अशी तक्रार मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराने केली. तो शब्द ऐकणारा तिसरा कोणी नव्हता. तरीही चौकशी आयोगाने सामना संपताच एव्हरा व्यवस्थापकासह पंचांच्या खोलीत गेला हे पाहिले, दोघांचे जबाब चित्रणाशी ताडून पाहिले, आणि उरुग्वेच्या स्पॅनिश बोलीत त्या शब्दाच्या छटा काय आहेत हे भाषातज्ज्ञांना विचारले. सुआरेझला आठ सामन्यांची बंदी आणि ४०,००० पौंड दंड झाला. आणि निर्णयाची कारणे शंभराहून अधिक पानांत जाहीर करण्यात आली. त्याच महिन्यातील दुसऱ्या प्रकरणात जॉन टेरी हा जुलै २०१२ मध्ये फौजदारी न्यायालयात निर्दोष सुटला, पण सप्टेंबरमध्ये त्याच शब्दांबद्दल फुटबॉल संघटनेने त्याला चार सामन्यांची बंदी आणि २,२०,००० पौंड दंड केला. सामान्य माणसाला यात विसंगती वाटते. विसंगती नाही, मापे दोन होती. मात्र कुठले माप लावणार हे आधी जाहीर नसेल, तर हीच गोष्ट अन्यायाची ठरते.

आपल्याकडील परंपरा

भारतीय कायद्याला हा विचार परका नाही. खातेनिहाय चौकशीला पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम लागू होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हरियाणातील एका बसवाहकाच्या प्रकरणात स्पष्ट केले. ज्या गोष्टीवरून तर्काने निष्कर्ष काढता येतो ती ग्राह्य धरता येते. परंतु त्याच न्यायालयाने १९६४ मध्ये एच. सी. गोयल यांच्या प्रकरणात बजावून ठेवले होते की संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, खातेनिहाय चौकशीतही नाही. हे दोन निर्णय एकत्र वाचले म्हणजे क्रीडा समित्यांना हवा तो मार्ग सापडतो: नियमांचा काच नको, पण पुराव्यावाचून शिक्षाही नको.

आणखी एक तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यातच होते, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. कोणतीही गोष्ट सिद्ध करण्यासाठी साक्षीदारांची ठराविक संख्या लागत नाही. साक्षीदार मोजायचे नसतात, तोलायचे असतात. जातिवाचक शिवीच्या तक्रारीत याचे महत्त्व फार मोठे आहे. संघात एकटाच दलित वा भटक्या जमातीतील असलेला मुलगा साक्षीदार आणणार कुठून? समोरच्या संघाच्या बाजूने सातही खेळाडू 'आम्ही काही ऐकले नाही' म्हणतील. सात विरुद्ध एक असा हिशेब करून तक्रार निकालात काढणारी समिती न्याय करीत नाही, नुसती डोकी मोजते. उलट तक्रारदार दुर्बल आहे एवढ्यावरून त्याचे म्हणणे तपासल्याशिवाय मान्य करणारी समितीही न्याय करीत नाही. ती आपल्या मनाचे ओझे दुसऱ्याच्या माथी मारते.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने लोकांच्या नजरेसमोर जातीचे नाव घेऊन केलेली शिवीगाळ हा गुन्हा ठरवला आहे. त्याचा निवाडा फौजदारी न्यायालय फौजदारी मापानेच करील. परंतु 'पोलिसांत जा' असे सांगून क्रीडा संघटनेला आपली जबाबदारी झटकता येणार नाही, आणि फौजदारी खटला उभा राहिला एवढ्यावरून खेळाडूला दोषी धरूनही चालणार नाही.

काय करता येईल

यावर असे म्हटले जाईल की ध्वनिग्राहक, भाषातज्ज्ञ आणि शंभर पानांची निकालपत्रे ही श्रीमंत खेळांची चैन आहे; तालुक्याच्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखायला पैसे जमवताना नाकी नऊ येतात. आक्षेप खरा आहे. पण न्याय्य चौकशीचा गाभा यंत्रांत नाही. त्याला एक वही, एक पेन आणि थोडा प्रामाणिकपणा पुरतो.

पहिली गोष्ट, तक्रार होताच सामना थांबवून वा मध्यंतरात पंचाने ती वेळेसह लिहून घ्यावी, आणि उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत. 'जातिवाचक व अश्लील शिवीगाळ केली' हे साचेबंद वाक्य कोणालाच न्याय देत नाही. त्यावरून ना शब्द कळतो, ना त्याचा रोख. परभणीसारख्या जिल्ह्यात मराठीच्या जोडीला दखनी उर्दू आणि तांड्यांवरची गोरमाटी बोलली जाते. एका बोलीत दोस्तांमध्ये सहज फेकला जाणारा शब्द दुसऱ्या बोलीत जिव्हारी लागतो, आणि एका बोलीतील शब्द दुसऱ्या कानाला भलताच ऐकू येतो. सिडनीत हेच घडले असण्याची शक्यता निर्णायक ठरली. तेव्हा ती बोली जाणणारा माणूस चौकशीत हवाच.

दुसरी गोष्ट, दोन्ही खेळाडूंचे आणि जवळच्या साक्षीदारांचे जबाब त्याच दिवशी, एकमेकांपासून दूर बसवून घ्यावेत. रात्री एकाच खोलीत मुक्काम केलेल्या संघाचा जबाब सकाळी एकसुरी होतो, हे सांगायला कायद्याची पदवी लागत नाही. तिसरी गोष्ट, यजमान मंडळाचा पदाधिकारी, संघाचा प्रशिक्षक वा खेळाडूचा नातलग यांनी निवाड्याला बसू नये. शेजारच्या जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक किंवा वकील बोलावणे अवघड नाही. चौथी गोष्ट, कुठल्या आरोपाला किती खात्री लागेल हे स्पर्धेच्या माहितीपत्रकातच छापावे. साध्या अपशब्दाला एका सामन्याची शिक्षा असेल तर संभाव्यतेचे पारडे पुरे. जात, धर्म वा वंश यांवरील अपमानाला वर्षाची बंदी असेल तर पुरावा तितकाच भक्कम हवा.

आणि पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. निकाल कारणांसह लेखी द्यावा, आणि त्यात तीन शक्यता वेगळ्या ठेवाव्यात: आरोप सिद्ध झाला, आरोप सिद्ध झाला नाही, आणि आरोप जाणूनबुजून खोटा केला. दुसरीला तिसरी समजण्याची आपली सवय घातक आहे. 'सिद्ध झाले नाही' असा निकाल ऐकलेल्या तक्रारदाराला पुढच्या सामन्यात 'खोटारडा' म्हणून हिणवणे हीही शिक्षेस पात्र शिवीच मानली पाहिजे. त्याचबरोबर जातीवरचा आरोप सिद्ध झाला नाही तरी अर्वाच्य भाषा वापरल्याचे सिद्ध होत असेल, तर तेवढ्यापुरती शिक्षा झालीच पाहिजे. सर्व काही किंवा काहीच नाही, अशी निवड समितीपुढे असली की ती बहुधा 'काहीच नाही' निवडते.

यांतील एकही उपाय खर्चाचा नाही. अडचण आहे ती मनाची. आपल्या संघाचा, आपल्या गावाचा, आपल्या जातीचा माणूस असे बोलणारच नाही, ही समजूत घेऊन जो चौकशीला बसतो त्याला साऱ्या जगाचे ध्वनिमुद्रण आणून दिले तरी उपयोग नाही. आणि समोरच्या जातीचा माणूस असेच बोलणार, ही समजूत घेऊन बसणाराही त्याच वाटेचा प्रवासी. पुराव्याचे नियम या दोन्ही समजुतींना लगाम घालण्यासाठी असतात. ते आरोपीचे कवच आहेत हे खरे. पण ते नीट पाळले तर तक्रारदाराचा आधारही तेच असतात, कारण नियमाने सिद्ध झालेला अपमान कोणाला 'गैरसमज' म्हणून झटकून टाकता येत नाही.

जनाबाईसाठी सुळाचे पाणी झाले. जिल्ह्याच्या मैदानावर उभ्या असलेल्या पोरांसाठी, मग ती शिवी ऐकलेली असोत वा शिवीचा आळ आलेली, तसे काही होणार नाही. त्यांच्यापुढे असेल ती चार माणसांची एक समिती आणि टेबलावरची एक वही. त्या वहीत काय लिहिले जाते, कोण लिहितो आणि केव्हा लिहितो, यावर दोन तरुणांचे भवितव्य अवलंबून आहे. क्रीडा संघटनांनी निदान एवढे भान ठेवून पुढचा हंगाम सुरू करावा.